एकदाच वाजणारी फीत

फीतवाल्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता गल्लीत कुणी उरलेलं नाही. पोस्टमन पाकिटावरचं नाव नीट वाचतो आणि दारात येऊन "ओ फीतवाले!" असंच ओरडतो. धंदाच तसा आहे त्यांचा. कुणाच्या वडिलांचं भाषण, कुणाच्या लग्नातली गडबड, कुणाच्या बाळाचे बोबडे बोल, जे काही जुन्या फितींवर अडकून पडलेलं असेल ते संगणकात उतरवून द्यायचं. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथं भिंतीला लागून जुनी यंत्रं एकावर एक रचलेली, मधे लांब टेबल, आणि टेबलाखाली वायरींचं असं जंजाळ की त्यात मांजर शिरलं तर बाहेर यायला वाट विचारेल.

माणूस सज्जन, कामाला चोख, पण एक नंबरचा हट्टी. हट्टी माणसाचे असतात तसे त्यांचेही नियम होते. पहिला नियम, गिऱ्हाइकाची फीत ऐकायची नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका फितीत गाण्यांच्या मधेच नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण निघालं होतं, आणि फीत न्यायला नेमका तो नवराच आला. फीतवाल्यांना त्याच्या तोंडाकडे बघवेना. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. स्पीकर बंद, हेडफोन खिळ्याला. सुरुवातीचे दोन-चार शब्द नीट येतायत एवढं तपासायचं, आणि मग नुसते यंत्रावरचे काटे बघत बसायचं. काटे नाचतायत म्हणजे आवाज येतोय, आवाज येतोय म्हणजे काम चाललंय. "लोकांच्या घरात डोकावायचं नसतं," असं ते म्हणत, आणि लोकांनाही त्यांचं ते वागणं आवडायचं.

दुसरा नियम, फीत चालू असताना संगणकाचा पडदा बंद. फार पूर्वी त्यांच्याकडे जाडजूड काचेचा पडदा होता. त्याची घरघर शेजारच्या यंत्रात शिरून फितीच्या आवाजात मिसळायची, म्हणून तो बंद ठेवायची सवय लागली. पुढे तो पडदा भंगारात गेला, पातळ आणि बिनआवाजाचा नवा आला, पण सवय काही भंगारात गेली नाही. फीत संपली की पडदा लावायचा, 'स्टॉप' दाबायचं, फाइल बघायची. तोवर पडदा काळा.

तिसरी गोष्ट नियम नव्हती, खोड होती. काहीही विचारलं की फीतवाले म्हणत, "नंतर." नळ गळतोय, नंतर. खिडकीची काच तडकलीय, नंतर. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, त्यामुळे समोरच्याला रागावताही येत नसे. संगणकाचं आणि त्यांचं या बाबतीत फार जमलं, कारण तोही त्यांना हेच विचारायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवायचा: अपडेट तयार आहे, रीस्टार्ट आता करायचं की नंतर? फीतवाल्यांचं बोट न वाचताच नंतरवर जायचं. चौकोन गुपचूप निघून जायचा आणि चार दिवसांनी परत यायचा. माणसं अशी परत परत विचारत नाहीत, कंटाळतात. यंत्र कंटाळत नाही, याचं फीतवाल्यांना कौतुकच वाटायचं. वाटू नये तिथं कौतुक वाटणं हाही एक स्वभाव असतो.

याचा पहिला फटका गेल्या वर्षी बसला. एका हेडमास्तरांच्या निरोप समारंभाची फीत चालू होती. ती संपल्यावर फीतवाल्यांनी पडदा लावला, तर संगणक मधेच कधीतरी आपण होऊन बंद पडून पुन्हा सुरू झालेला, आणि भाषणाचा मागमूस नाही. त्यांचा उतरवून घ्यायचा प्रोग्रॅम जुना. फीत चालू असेपर्यंत तो सगळं पोटात ठेवायचा आणि 'स्टॉप' दाबलं की मगच त्याची फाइल करायचा. मधेच त्याची मान धरली तर पोटातलं पोटातच जायचं. हेडमास्तरांची फीत ठणठणीत होती. पुन्हा लावली, पुन्हा उतरवली, हेडमास्तरांना पत्ताही लागला नाही. फीतवाल्यांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"यंत्र माझं, वीज माझी, आणि हा कोण मला न विचारता बंद होणारा?"

त्यांनी जावयाला बोलावून घेतलं. जावई संगणकातलाच माणूस, शांत, सासऱ्यांच्या तोंडावर हसू न दाखवणारा. त्यानं खुर्ची ओढली आणि कुठंकुठं आत जाऊन बटणं फिरवली.

"बाबा, तुमचे कामाचे तास भरून ठेवलेत. त्या वेळात तो शक्यतो स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही. अपडेटही पुढे ढकललेत. पण ते कायमचे नाही ढकलता येत. मुदत संपली की तो विचारायचंच बंद करतो."

"विचारायचं बंद करतो म्हणजे?"

"म्हणजे करूनच टाकतो. म्हणून सांगतो, एखादं मोठं काम लावायचं असेल तर आदल्या दिवशी तुम्हीच अपडेट होऊ द्या. रीस्टार्ट करा, सगळं नीट चालतंय का बघा, आणि मग फीत लावा."

"मागे एकदा होऊ दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला माझ्या यंत्राची ओळखच पटेना. आठवडाभर दुकान बंद! त्यापेक्षा मी इंटरनेटची वायरच काढून टाकतो. वायरच नाही तर अपडेट येणार कुठून?"

"आधीच आत येऊन बसलं असेल तर? पाहुणा घरात शिरल्यावर दार लावून काय उपयोग, बाबा?"

सासऱ्यांना ते पटलं नाही असं नाही. पण जावयानं सांगितलेलं लगेच पटलं असं दाखवायचं तरी कसं? "बघू," ते म्हणाले, "नंतर."

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्या आवाजाची आहे.

ती बस-स्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं लहान मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे. गाडी उशिरा आहे हे ती अशा आवाजात सांगायची की लोक चिडायच्या ऐवजी बाकावर सरकून शेजारच्याला जागा द्यायचे. फीतवाल्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. गाडी चुकवून ते तिथंच बसून राहिले होते, असं ती लग्नानंतर सगळ्यांना हसत हसत सांगायची.

मग तिचा घसा बसला. "अहो, दाखवून येऊ या का?" ती म्हणाली. दुकानात कामाची गर्दी होती. "एवढी गर्दी ओसरू दे, नंतर जाऊ." दोष एकट्याचा नव्हता. बोलून बोलून बसला असेल म्हणत तीही गरम पाणी पीत राहिली. पण 'नंतर' हा शब्द त्यांचा होता, आणि तो दोघांच्याही लक्षात राहिला. अखेर दवाखान्यात गेले तेव्हा आजार वाढलेला होता; डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला आणि त्यासाठी तिचं स्वरयंत्र काढून घेतलं. मोबाइलवर कुणाचंही हसणं-बोलणं धरून ठेवायची सोय घराघरांत यायच्या आधीची ही गोष्ट. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र दिलं होतं. त्यातून निघालेला स्वतःचा आवाज तिनं एकदा ऐकला आणि ते कपाटात ठेवून दिलं.

तेव्हापासून तिच्या गळ्यातल्या छिद्रावर पातळ रुमाल असतो आणि हाताशी पाटी. भांडणसुद्धा पाटीवर. भांडण अंगाशी येतंय असं दिसलं की फीतवाले हळूच चष्मा काढून ठेवत, म्हणजे वाचायला नको. मग ती उठून तोच चष्मा त्यांच्या नाकावर बसवी आणि पाटी समोर धरी. घर असं चाललं होतं. वाईट चाललं होतं असं कुणी म्हणू नये.

तिच्या आवाजाची एकच फीत होती. लेक लहान असताना बायकोची संध्याकाळची ड्यूटी लागायची आणि पोर तिच्या आवाजाशिवाय झोपायची नाही. म्हणून तिनं एका मोठ्या फितीवर झोपवायच्या वेळचं सगळं बोलणं भरून ठेवलं होतं. दात घासलेस का, उशी नीट घे, आणि मग एका रुसलेल्या बसची लांबच लांब गोष्ट. या बसला शेवटच्या थांब्यावर जायचंच नसतं. फीतवाले रोज यंत्राचं बटण दाबायचे, दार ओढून घ्यायचे आणि पुढच्या खोलीत आपल्या कामाला बसायचे. दारातून नुसता सूर यायचा. शब्दांकडे त्यांनी कधी कान दिला नाही. बायको तर रोज घरी येणारच होती.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. "बाबा, आईची ती फीत उतरवून ठेवा ना," हे तिनं किती वेळा सांगितलं असेल! गावभरच्या फिती उतरवून झाल्या. बायकोची ओल्या भिंतीला टेकून ठेवलेल्या ट्रंकेत पडून होती.

मग नात शाळेत जायला लागली आणि एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, काय झालंय माहितीये? हिनं वर्गात सांगितलं की आज्यांना आवाज नसतो. सगळ्याच आज्यांना नसतो असं वाटतंय तिला. मला ती फीत हवीय. आम्ही रविवारी येतो, तिला ऐकवू या." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मलाही ऐकायचीय. त्या बसचं शेवटी काय होतं ते मला माहीतच नाही. मी कायम त्याच्या आधीच झोपायचे. आईला विचारा ना."

बायकोनं पाटीवर लिहिलं, 'आठवत नाही. तेव्हा सुचलं ते बोलले.' आणि खाली, 'मलाही ऐकायचंय.'

त्याच दिवशी फीतवाल्यांनी ट्रंक उघडली. आंबूस वास आला. ओलीनं फीत चिकटली होती. बोट लावलं तर बोटाला तपकिरी डाग. अशा फितीला मंद आचेवर सुकवावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे फळं सुकवायचा एक डबा होता आणि त्यातून त्यांनी बऱ्याच मेलेल्या फिती उठवल्या होत्या. पण ही फार पुढे गेलेली होती. सुकवल्यावर त्यांनी सुरुवातीचा कोरा तुकडा यंत्रावरून फिरवून पाहिला. आवाज वाचणाऱ्या जागेपर्यंत फीत धड राहायची, आणि तिच्या पुढच्या खुंटीवर वळली की अंगावरचा तपकिरी थर सालासारखा सुटायचा. आवाज असतो तो त्या थरात. खाली उरते ती नुसती पारदर्शक पट्टी.

ते आत गेले. "ही एकदाच वाजेल," त्यांनी बायकोला सांगितलं.

तिनं एक बोट वर केलं. एकदाच?

"एकदाच. पण एकदा पुरतं गं. एकदा आत उतरली की मग रोज ऐक. शंभरदा ऐक."

फीत उतरवायच्या दिवशी आकाश भरून आलं होतं आणि हवा दमट होती. फीत रात्रभर डब्यात होती, सकाळी निवली. आता ती लवकर लावायला हवी होती, नाहीतर ओल परत शिरली असती आणि पुन्हा सुकवण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. अशा कामाला ते शेजारी एक छोटं रेकॉर्डर जोडायचे, आधाराला असावं म्हणून. त्याची बॅटरी फुगली होती. नवी आणायची होती, आणायची राहून गेली होती.

त्यांनी संगणक सुरू केला. प्रोग्रॅम उघडला. आणि चौकोन आला.

तो नेहमीसारखा कोपऱ्यात नव्हता. पडद्याच्या मधोमध आला होता, आणि नेहमीच्या मजकुराखाली एक जास्तीची ओळ होती. फीतवाल्यांचा चष्मा कपाळावर होता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. जावयाचे शब्दही आठवले. आदल्या दिवशी होऊ द्या, म्हणाला होता. पण आदल्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष डब्यातल्या फितीवर होतं. आता होऊ द्यायचं म्हटलं तर हा किती वेळ खाईल कुणास ठाऊक, आणि उठल्यावर यंत्राला ओळखलं नाही तर? तिकडे फीत हवा पीत बसली असती. त्यांनी नंतरवर बोट दाबलं. चौकोन गेला.

बायको दाराशी उभी होती. तिनं पडद्याकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

"काही नाही गं. नेहमीचं आहे."

त्यांनी खाली वाकून इंटरनेटची वायर उपसून काढली आणि तिची गुंडाळी करून खिळ्याला अडकवली. "घ्या आता," ते संगणकाला म्हणाले. घराची सगळी दारं लावून घेतल्यासारखं त्यांना वाटलं.

फीत यंत्रावर चढवली. बायको जवळ आली, खिळ्यावरचे हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले. स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. तिनं त्यांच्या छातीला बोट लावलं, मग त्यांच्या कानाला. तुम्ही ऐका.

"नंतर," फीतवाले म्हणाले. "सगळे मिळून ऐकू रविवारी. आत्ता ऐकत बसलो तर माझं काट्यांवरचं लक्ष उडेल. आणि तू आत जाऊन बस बघू. इथं पाय वाजतात."

ती हेडफोन टेबलावर ठेवून आत गेली. त्यांनी दार ओढून घेतलं.

त्यांनी प्रोग्रॅममधलं लाल बटण दाबलं आणि यंत्र सुरू केलं. सुरुवातीचे दोन-चार शब्द तपासायचा तेवढा नियम होता, म्हणून हेडफोन कानाला लावले. आधी खरखर. मग एक श्वास. आणि मग ती.

"हं. बाबांनी दार लावलं का? बरं."

इतक्या वर्षांनी तो आवाज कानात शिरला आणि फीतवाल्यांना भडभडून आलं. तो तोच होता, तसूभरही जुना झालेला नव्हता. वीस वर्षं ते ज्या बाईला गमावून बसले होते ती कानाशी बसून बोलत होती. अजून एक वाक्य ऐकलं तर आपण इथंच रडत बसू आणि फितीकडे कोण बघणार, या भीतीनं त्यांनी हेडफोन ओढून काढले आणि खिळ्याला लावले. पडदा बंद केला. रविवारी ऐकायचंच आहे, त्यांनी स्वतःला समजावलं.

मग ते डोळ्यांत तेल घालून काट्यांकडे बघत बसले. काटे नाचत होते. कधी भराभर, कधी एकदम पडून पुन्हा उसळणारे. इथं ती हसली असेल. इथं तिनं दटावलं असेल. इथं बस रुसली असेल. खोलीत फितीच्या सरसरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. खुंटीपाशी तपकिरी सालं सुटत होती आणि टेबलावर त्यांचा ढीग साठत होता. फीतवाल्यांना ते बघवत नव्हतं, पण ते बघत होते. थर जाऊ दे, आवाज आत पोचतोय ना.

मधे कधीतरी संगणकाचा पंखा थांबला.

इतका हळू थांबला की आधी त्यांना बरंच वाटलं. केवढी शांतता. मग त्या शांततेनंच त्यांना कसंतरी झालं. टेबलाखालचा छोटा दिवा विझल्यासारखा वाटला आणि पुन्हा लागला. एक बारीक 'टिक' झाली, आणि पंखा पहिल्यापेक्षा जोरात फिरायला लागला. त्यांनी वाकून खोक्यावर तळवा ठेवला. गरम होतं. "तापला असेल," ते पुटपुटले. त्यांचा हात पडद्याच्या बटणापर्यंत गेला.

लावायचा होता तो पडदा! तेव्हाच लावला असता, फीत तिथंच थांबवली असती, तर पुढचं तरी हाती राहिलं असतं. पण इतक्या वर्षांत फीत चालू असताना त्यांनी पडदा लावला नव्हता, आणि तो आजच लावायचा? एवढीशी घरघर आत शिरली आणि तिच्या आवाजावर बसली तर? आणि काटे तर नाचतच होते. काटे यंत्राचे होते, संगणकाचे नव्हते. यंत्र इमानेइतबारे वाजवत होतं. ऐकणारा पलीकडे कुणी आहे का, हे काट्यांना कुठून कळणार? फीतवाल्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

ती बोलत राहिली. दात, उशी, रुसलेली बस, शेवटचा थांबा. हाताच्या अंतरावर बसून फीतवाले काटे राखत होते, आणि अख्खी गोष्ट कुणाच्याच कानांत न जाता वाजून गेली.

मग काटे एकदम खाली बसले. फीत संपली, तिचं मोकळं टोक चक्रावर फटफट करायला लागलं. त्यांनी यंत्र थांबवलं, सुस्कारा सोडला, पडदा लावला.

पडद्यावर निळा रंग होता आणि मधे पांढरी अक्षरं. अपडेट पूर्ण झालं. स्वागत आहे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. प्रोग्रॅम उघडा नव्हताच. त्यांनी तो उघडला, तो रिकामा आला. त्यांनी सगळ्या खणांत शोधलं, जिथं असणं शक्यच नव्हतं तिथंही शोधलं. हेडमास्तरांचं भाषण सापडलं, तेव्हाच्या धसक्यानं दोन वेळा ठेवलेलं. मग त्यांनी चक्रावरची फीत हातभर सोडवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यातून समोरच्या घराचं दार, दाराचा कडीकोयंडा, सगळं स्पष्ट दिसत होतं.

मग त्यांनी दार उघडलं आणि आत गेले.

बायको ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. त्यांना बघताच ती उठली, चेहरा उजळला, भुवया वर गेल्या. झालं?

फीतवाल्यांच्या जिभेवर तो शब्द तयारच होता. आयुष्यभर तो त्यांच्या कामाला आला होता, आजही आला असता. नंतर ऐकवतो म्हटलं असतं तर रविवारपर्यंत निभावलं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते म्हणवेना.

"गेलं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर मधेच रीस्टार्ट झाला. मला कळलंच नाही. फीत संपली. काहीच राहिलं नाही गं."

ती बसली. तिचं रडणं बिनआवाजाचं असतं. गळ्यावरचा रुमाल भराभर हलतो, बस एवढंच. वीस वर्षांत फीतवाल्यांना त्याची सवय झालेली नाही. रुमाल बराच वेळ हलला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, पाटी ओढून घेतली आणि लिहिलं. त्यांच्या कपाळावरचा चष्मा स्वतःच्या हातानं खाली नाकावर आणून बसवला आणि पाटी समोर धरली.

'तुम्ही तरी ऐकलंत ना?'

तिला खात्री होती. तिच्या डोळ्यांत ती खात्री स्पष्ट दिसत होती. आपली बायको बोलतेय आणि हाताशी हेडफोन आहेत, तर कुठला नवरा ऐकणार नाही? नाही नाही म्हणत ऐकलंच असेल. आता सांगतील बसचं काय झालं ते.

"नाही," फीतवाले म्हणाले.

तिनं पाटी खाली घेतली.

"सुरुवातीचं तेवढं ऐकलं. बाबांनी दार लावलं का, म्हणालीस. मग बरं म्हणालीस. तेवढंच ऐकलं मी."

तिनं पाटी पुसली.

पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. या वेळेला लेकीचाच फोन असतो. झालं का काम, हे विचारायला, आणि मागून नात काहीतरी ओरडत असणार. फीतवाले जागचे हलले नाहीत. वाजून वाजून थांबेल, मग करू, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं असावं, कारण बायको उठली, पुढच्या खोलीत गेली आणि फोन घेऊन आली. तो वाजतच होता. तिला त्यावर बोलता येत नाही. वीस वर्षं तिच्या वतीनं तेच बोलत आलेत. तिनं बटण दाबलं, फोन त्यांच्या कानाला लावून धरला, आणि तिचे ओठ हलले, सावकाश, त्यांना वाचता यावेत असे.

आत्ता.

"हॅलो? बाबा?" लेक पलीकडून म्हणाली. "काय होतं शेवटी बसचं?"